रिकाम्या खुर्च्या

आमच्या घरात मला 'बहुतेक' म्हणतात. म्हणजे म्हणायचे. जेवलीस का, असं आईने विचारलं तरी मी "बहुतेक" म्हणायचे, आणि बाबा म्हणायचे, "बाईसाहेबांच्या पोटाकडून अजून अहवाल आलेला नाही." वर्गातही तेच. उत्तर येत असलं तरी मी हात अर्धाच वर करायचे, कोपरापर्यंत. बाईंना वाटायचं केस सारखे करतेय.

तर अशा या बहुतेकबाईने गेल्या महिन्यात भर सभागृहात, विज्ञानाच्या सरांसमोर, त्यांच्याच योजनेबद्दल काय केलं ते मी आता लिहिणार आहे. सगळं लिहिणार आहे, माझा वेंधळेपणासुद्धा. कारण तो वगळला तर मामी माझ्या या कथेतसुद्धा खुर्च्या काढत बसेल.

आधी सरांची योजना. आमच्या प्रयोगशाळेत बेसिनं आहेत चार. परीक्षानळ्या धुतलेलं पाणी पूर्वी गटारात जायचं. दोन वर्षांपूर्वी सरांनी त्या बेसिनांना पाइप जोडला, तो भिंतीतून बाहेर काढला आणि मागच्या रोपवाटिकेतल्या निळ्या पिंपात सोडला. पाण्याची बचत! त्याबद्दल शाळेला मोठी ढाल मिळाली. ती सरांच्या कपाटावर आहे आणि सर तिच्यावरची धूळ स्वतः पुसतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

रोपवाटिका म्हणजे काचेच्या छपराची लांबुळकी खोली. आत दोन लांब फळ्या, एक पूर्वेच्या भिंतीला, एक पश्चिमेच्या. ती सांभाळतात माळीकाका. एकोणीस वर्षं. काकांना बोलायला फारसं आवडत नाही, पण रोपांशी मात्र अखंड पुटपुटत असतात. तर गेली दोन वर्षं काकांची रोपं मरत होती. टोमॅटो, वांगी, फुलझाडं, काहीही लावा, दोन पानं फुटली की माना टाकायची. सगळे म्हणाले, काकांचं वय झालं, पाणी जास्त घालतात. मग एक दिवस ठरलं की सत्र संपलं की रोपवाटिका बंद, तिथे सायकली ठेवायच्या, आणि काकांना फाटकावर बसवायचं.

फाटकावर! ज्या माणसाला माणसांशी बोलायचा कंटाळा येतो त्याला फाटकावर!

मला हे सगळं कळलं ते निव्वळ आळसामुळे. विज्ञान प्रदर्शनासाठी मी 'बियांची उगवण' हा विषय घेतला होता, कारण त्यात काही पेटत नाही, फुटत नाही आणि बी आपापलं उगवतं. बिया मागायला काकांकडे गेले तर ते म्हणाले, "वहीत लिहिणारेस ना? मग लिही, की या पिंपातलं पाणी बरोबर नाही."

"काका, असं नुसतं नाही लिहिता येत. करून बघावं लागतं."

"मग बघ की! तुला कुणी धरलंय?"

मला कुणीच धरलं नव्हतं. म्हणून मी चाळीस कागदी कप आणले, प्रत्येकात एकाच पोत्यातली माती, प्रत्येकात टोमॅटोचं उगवलेलं एक रोप. वीस कपांना पिंपातलं पाणी, वीस कपांना नळाचं. पाणी मापायला खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं झाकण, रोज सकाळी शाळा भरायच्या आधी प्रत्येकी दोन झाकणं. काकांना हात लावू दिला नाही. बारा दिवसांनी पिंपाच्या पाण्यातली अठरा रोपं मेली होती आणि नळाच्या पाण्यातलं एक.

मी ते आकडे वहीत लिहिले आणि वही पटकन मिटली. कारण प्रदर्शनात गुण देणार सर. आणि हे पाणी कुणाचं? सरांचं. ढालीचं.

तेव्हा मी काय केलं, तर अहवाल असा लिहिला: 'काही रोपे मलूल झाल्याचे आढळून आले. यामागे अनेक कारणे असू शकतात. याबाबत अधिक अभ्यास होणे आवश्यक वाटते.' सर नेहमी सांगतात ना, की विज्ञानात 'मी' नसतो. करण्यात आले, ठेवण्यात आले, आढळून आले, असं लिहायचं. मला तर ते फारच सोयीचं वाटलं. त्यात लपायला भरपूर जागा असते.

तो अहवाल घेऊन मी वरच्या मजल्यावर मामीकडे गेले. माझी मामी एका विज्ञानाच्या त्रैमासिकात संपादक आहे. म्हणजे शास्त्रज्ञ लोक शोध लावतात आणि मामी त्यांची वाक्यं दुरुस्त करते. तिच्या जेवणाच्या टेबलावर अर्ध्या भागात कागद असतात आणि अर्ध्या भागात मामा जेवतो. तिची एक खास पद्धत आहे, जी तिच्या कचेरीत सगळ्यांना माहीत आहे आणि शास्त्रज्ञ तिला टरकून असतात: ती समासात पेन्सिलीने बारक्या बारक्या खुर्च्या काढते.

मला वाटलं, छान गं, म्हणेल. दहा मिनिटांनी तिने माझे कागद परत दिले. समासात अकरा खुर्च्या. सगळ्या रिकाम्या.

"हे काय?"

"हे वाक्य बोलून कोण पळालं ते शोधतेय," मामी म्हणाली. "आढळून आले. कुणाला?"

"मला."

"मग तू कुठे आहेस? खुर्ची तर रिकामी आहे. आणि मलूल म्हणजे काय गं? थोडी दमली होती का रोपं?"

"मेली होती."

"किती?"

"अठरा."

आतून मामा ओरडला, "अठरा खून आणि म्हणे मलूल!"

"पण सर म्हणतात विज्ञानात 'मी' नसतो," मी म्हणाले.

मामीने चष्मा डोक्यावर सरकवला. "तुझे सर 'मी' लिहू नका म्हणतात ते एका अर्थी बरोबर आहे. तू दमली होतीस, तुला काका आवडतात, तुला सरांची भीती वाटते, यातलं काही कपांना माहीत नाही, ते अहवालात नको. पण लिहिणाऱ्याची भूमिका? ती लागतेच. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक लेखात मी तेच शोधते. या माणसाने काय पाहिलं, दुसऱ्याचं काय उचललं आणि त्यावरून तो स्वतः काय म्हणतोय. आणि किती जोरात म्हणतोय. 'मी' हा शब्द लिही नाहीतर लिहू नकोस, पण खुर्चीत कुणीतरी बसलेलं दिसलं पाहिजे. नाहीतर उद्या कुणी विचारायला आलं तर विचारायचं कुणाला?"

मी तणतणत खाली आले. आणि मग, काय सांगू, माझ्या अंगात संचारलं. एका बैठकीत नवा अहवाल! 'प्रयोगशाळेच्या पाण्यामुळेच रोपे मरतात हे मी निर्विवादपणे सिद्ध केले आहे. ही योजना संपूर्णपणे विषारी आहे.' शेवटी दोन उद्गारचिन्हं. मला इतकं भारी वाटत होतं की मी तो आरशासमोर उभी राहून मोठ्याने वाचला. बाबा दारातून म्हणाले, "निवडणुकीला उभी राहतेयस का?"

दुसऱ्या दिवशी मामीने ते कागद परत दिले. या वेळी खुर्च्यांत माणसं होती. काडीची माणसं, दोन वेण्या असलेली. पण खुर्च्या सगळ्या उलट्या पडलेल्या आणि माणसांचे पाय वर.

"ही मी आहे?"

"तूच. बसलीस, पण इतकी मागे रेललीस की पडलीस. 'निर्विवादपणे'! वाद घालायला कुणी आलंय का अजून? आधी येऊ दे तरी." मग तिने पेन्सिल खाली ठेवली. "बरं, मला सांग, कप कुठे ठेवले होतेस?"

"रोपवाटिकेत."

"ते कळलं. कुठल्या फळीवर कुठले?"

मी कपाळावर हात मारला.

कारण पिंप आहे पश्चिमेच्या फळीजवळ. नळ आहे पूर्वेच्या. आणि पाणी भरलेलं झाकण हातात घेऊन खोलीभर फिरायचा मला कंटाळा आला होता. म्हणून पिंपाचे सगळे वीस कप पश्चिमेच्या फळीवर. नळाचे सगळे वीस पूर्वेच्या. पश्चिमेला दुपारभर ऊन येतं. मग रोपं पाण्याने मेली की उन्हाने? मला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं. माझे चाळीसही कप त्याबद्दल एक शब्द बोलू शकत नव्हते.

मला रडूच आलं. "आता काय करू? परत सगळं भित्रं लिहू? असू शकेल, होऊ शकेल?"

"खात्री म्हणजे काय तुझा मूड आहे का, की काल कमी होती आणि आज वाढली?" मामी म्हणाली. "ती तुझी नसतेच मुळी. ती कपांची असते. जेवढी ते देतील तेवढी घ्यायची. कमी घेतलीस तर भित्री, जास्त घेतलीस तर उर्मट. प्रदर्शन कधी आहे?"

"सोळा दिवसांनी."

"आणि बारा दिवस लागतात. मग इथे काय करतेयस?"

मी जिना दोन दोन पायऱ्या गाळत उतरले.

पुन्हा चाळीस कप. या वेळी पूर्वेच्या फळीवर दहा पिंपाचे आणि दहा नळाचे, पश्चिमेच्या फळीवरही दहा आणि दहा. प्रत्येकावर खूण. रोज सकाळी झाकण घेऊन मी त्या खोलीत इकडून तिकडे, तिकडून इकडे. काका माझ्याकडे बघत उभे असायचे. फक्त एकदा म्हणाले, "फाटकावर म्हणे खुर्ची देणारेत. फिरती." आणि परत रोपांकडे वळले.

बाराव्या दिवशी सकाळी आम्ही दोघांनी मिळून मोजलं. पिंपाचं पाणी: पश्चिमेला दहातली नऊ मेली, पूर्वेला आठ. नळाचं पाणी: पूर्वेला एकही नाही. मी तिथेच एक उडी मारली. पण नळाचं पाणी, पश्चिमेची फळी: तीन मेली होती.

ती तीन रोपं बघून काकांचा चेहरा उतरला. "ही कशाला मेली? यांना तर चांगलं पाणी होतं." मग हळूच म्हणाले, "तीनच तर आहेत. उचलून टाकतो. कुणाला कळतंय."

खरं सांगते, माझा हात त्या कपांकडे गेला होता. कारण सर काय म्हणणार ते मला पाठ होतं: बघा, चांगल्या पाण्यातलीही मेली, म्हणजे काम माळ्याचंच. ही तीन रोपं काकांना थेट फाटकावर नेऊन बसवू शकत होती. आणि ती लिहिणारी मी!

पण तीन कप फेकले तर उरलेल्या सदतिसांवर कोण विश्वास ठेवणार? मीच ठेवला नसता.

"काका, नको. मेली ती मेली. लिहायचीच."

काकांनी ते तीन कप उचलले आणि इतरांच्या शेजारी नीट ओळीत ठेवले.

त्या रात्री नव्हे, त्याच दुपारी, मधल्या सुट्टीपासून शाळा सुटेपर्यंत (हो, भूगोलाच्या तासालासुद्धा) मी तिसरा अहवाल लिहिला. मामीने वाचला. समासात एकही खुर्ची नाही. मी पान उलटंपालटं करून पाहिलं.

"खुर्च्या?"

"आता कशाला? बसलीयस की नीट," ती म्हणाली आणि माझ्या डोक्यावर पेन्सिल आपटली.

प्रदर्शनाच्या दिवशी माझं टेबल सभागृहाच्या अगदी कोपऱ्यात होतं. शेजारच्या टेबलावर ज्वालामुखी. त्यातून दर पाच मिनिटांनी फेस यायचा आणि सगळी पोरं "हो!" करून ओरडायची. माझ्याकडे चाळीस कप, त्यातले वीस मेलेले. कुणी फिरकत नव्हतं. मला तर वाटलं लोक सांत्वनाला येतील.

मग सर आले. त्यांच्याबरोबर बाहेरून आलेल्या परीक्षक बाई, खांद्याला कापडी पिशवी, वनस्पतींवर संशोधन करणाऱ्या. सरांनी अहवाल उघडला आणि पहिल्याच ओळीवर त्यांच्या भुवया वर गेल्या. "'मी चाळीस रोपे लावली.' हे 'मी' काय आहे? किती वेळा सांगितलंय वर्गात?"

"सर, लावली मीच. उद्या कुणी विचारायला आलं तर कुणाला विचारायचं ते कळावं म्हणून."

सरांनी पुढचं पान उलटलं. मग त्याच्या पुढचं. हळूहळू त्यांचा चेहरा कपाटावरच्या ढालीसारखा झाला, पितळी. ज्वालामुखीकडची पोरं गप्प झाली, कारण सरांची ती शांतता आमच्या शाळेत सगळ्यांना ओळखता येते.

"पश्चिमेच्या फळीवर दुपारभर ऊन असतं," सर म्हणाले. "रोपं त्याने मरतात."

"म्हणून सर, प्रत्येक पाण्याचे निम्मे कप प्रत्येक फळीवर ठेवले. पान तीन. पहिल्या वेळी तसे ठेवले नव्हते, ती माझी चूक. तीही लिहिलीय, पान दोन."

"माळी पाणी जास्त घालतो."

"पाणी मीच घातलं. प्रत्येकी दोन झाकणं. झाकण हे." मी झाकण पुढे केलं. त्याला अजून खोकल्याच्या औषधाचा वास येत होता.

"आणि ही?" सरांनी नेमकी ती तीन रोपं पकडली. मला माहीतच होतं. "ही नळाच्या पाण्यातली आहेत. ही का मेली?"

"मला माहीत नाही, सर."

सर जिंकल्यासारखे बाईंकडे वळले. पण माझं बोलणं संपलं नव्हतं.

"पान चारवर आहे ते. 'पश्चिमेच्या फळीवर नळाच्या पाण्यातली तीन रोपे मेली. ती फळीही रोपांना काही प्रमाणात त्रास देत असावी. का, ते मी तपासलेले नाही.' पण सर, पूर्वेच्या फळीवर दुपारचं ऊन नाही, आणि तिथे पिंपाच्या पाण्यातली आठ मेली, नळाच्या पाण्यातलं एकही नाही."

परीक्षक बाईंनी सरांच्या हातातून अहवाल घेतला. पान चार वाचलं. "हे तुझ्याच विरुद्ध जातंय. का लिहिलंस?"

"कारण ते माझ्यासमोर झालं."

"आणि पाण्यात काय आहे, ज्याने रोपं मरतात?"

"ते मी मोजलेलं नाही. मला मोरचुदाचा, त्या निळ्या क्षाराचा, संशय आहे, कारण दर आठवड्याला निळ्या नळ्या धुतल्या जातात. पण तो संशय शेवटच्या पानावर, संशय म्हणूनच लिहिलाय."

बाई हसल्या नाहीत, पण त्यांच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. "मग तुझी भूमिका काय? एका वाक्यात सांग."

गंमत बघा. सगळं सभागृह ऐकत होतं. दाराशी माळीकाका उभे होते, हातात टोपी चुरगळत. आणि मला 'बहुतेक' हा शब्द आठवलासुद्धा नाही.

"माझी भूमिका अशी आहे की रोपवाटिकेतली रोपं मुख्यतः पिंपातल्या पाण्यामुळे मरतात, काकांच्या हातामुळे नाही, आणि ते पाणी बंद करून बघितल्याशिवाय काकांना तिथून हलवू नये."

ज्वालामुखीने नेमका तेव्हा फेस काढला. कुणीही "हो!" केलं नाही.

मग सरांनी विचारलं, आणि या वेळी आवाज वर्गातला नव्हता, "किती खात्री आहे तुला?"

"चाळीस कपांइतकी, सर."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मेलेल्या रोपांची ओळ त्यांनी स्वतः, बोट लावून, एक एक करून मोजली. सतरा. मग दुसरी ओळ. तीन. मग ते म्हणाले, "पान तीन परत दाखव," आणि माझ्या टेबलामागच्या स्टुलावर बसून त्यांनी सगळा अहवाल पहिल्यापासून वाचला. पूर्ण. त्यांच्यासाठी लोक पुढच्या टेबलावर ताटकळत उभे होते.

माझा दुसरा नंबर आला. पहिला ज्वालामुखीचा. ठीक आहे, त्यातून निदान काहीतरी बाहेर तरी येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत शिरले तर फाटकावर कुणी नव्हतं. मी धावतच मागे गेले. पिंप आडवं करून ठेवलेलं, पाइपाच्या तोंडाला बूच, आणि काका पश्चिमेच्या फळीवर गोणपाटाची सावली बांधत पुटपुटत होते. मला बघून म्हणाले, "फळी त्रास देते म्हणालीस ना? म्हटलं, बघू." आणि मग, एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच असेल, ते एका माणसाकडे बघून खळखळून हसले.

फलकावर सरांच्या अक्षरात सूचना होती: 'रोपवाटिकेस प्रयोगशाळेचे पाणी देणे बंद करण्यात आले आहे. रोपवाटिका पूर्ववत चालू राहील.'

बंद करण्यात आले आहे. वा!

मी आजूबाजूला बघितलं. कुणी नव्हतं. दप्तरातून पेन्सिल काढली आणि सूचनेच्या समासात अगदी बारीक, एक रिकामी खुर्ची काढली. मग मात्र दिवसभर माझा जीव टांगणीला. सरांच्या तासाला मी बाकाखाली जायचंच बाकी होतं. सरांना खुर्चीचा अर्थ कुठून कळणार? आणि कळला तर? मग आठवलं, प्रदर्शनाच्या दिवशी मामी आली होती, आणि परत जाताना जिन्यावर सरांशी बोलत उभी होती. चांगली वीस मिनिटं.

पुढच्या दिवशी फलकापुढे गर्दी होती. मी घुसले. माझी खुर्ची तिथेच होती, पण आता तिच्यात लाल शाईने काढलेला एक काडीचा माणूस बसला होता. चष्मा, मिशी, पाय जमिनीवर नीट टेकलेले. आणि खाली त्याच लाल शाईत तीन शब्द: 'मी बंद केले.'

त्याखाली सरांची सही.

तास सुरू झाला. सरांनी विचारलं, "याचं उत्तर कोण सांगेल?" आणि माझा हात वर गेला. कोपरापर्यंत नाही. पूर्ण.